बंदा आणि खुर्दा

"पाचशेची मोड आहे का भो?" आणि "सुट्टे द्या ना दादा." भुसावळच्या बसस्टँडपासून धुळ्याच्या पाचकंदीलपर्यंत ही दोन वाक्यं दिवसभर कानावर येतात. दोन्हीमागचं दुखणं एकच, पण बोलणारे वेगळे. मोड मागतो तो मोठी नोट हातात धरलेला गिऱ्हाईक. सुटे मागतो तो गल्ल्यामागे बसलेला, कारण त्याच्या गल्ल्यातलं सकाळी नऊलाच संपलेलं असतं. पहिल्याला नोट फोडून हवी असते, दुसऱ्याला ती फोडायचीच नसते. या दोघांच्या मध्ये जी वस्तू खुळखुळते, तिला म्हणायचं चिल्लर. आणि तिचाच परातभर ढीग झाला, की जुनं माणूस म्हणतं खुर्दा.

शब्दकोशात हे चारही शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले असतात. बाजारात मात्र कुणी ते एकमेकांच्या जागी वापरत नाही. मोड ही क्रिया आहे, सुटे ही अवस्था आहे, चिल्लर हा माल आहे. खुर्द्यात तर मोजदादच नसते. "मला दहाचा खुर्दा द्या" असं कुणी म्हणत नाही. खुर्दा पडलेला असतो, सांडलेला असतो, मोजायचा राहिलेला असतो.

मोड या शब्दाचा पसारा मोठा आहे. आपल्याकडे नोट मोडते, मुदत ठेव मोडते, सोयरीक मोडते, दागिना मोडतो. जे अख्खं ठेवायचं म्हणून ठेवलं होतं, त्याला हात लावला की मोडलं. म्हणूनच घरोघरी "नोट मोडली की गेली" असं म्हणतात, आणि ते खरंही आहे. पाचशेची नोट असताना माणूस चहाला नाही म्हणतो. तीच मोडून खिशात शंभराच्या चार आल्या की संध्याकाळपर्यंत दोन उरतात. (कडधान्याला येतात तेही मोडच, पण ते मोड आले की माल वाढतो. पैशाचं तसं नाही.)

जळगावच्या सराफ बाजारात 'मोड' म्हटलं की नोट कुणाच्या डोक्यातच येत नाही. तिथे मोड म्हणजे वितळवायला आलेलं जुनं सोनं. गिऱ्हाईक बांगड्या घेऊन येतं, सराफ आधी वजन करतो, मग टंच काढतो, म्हणजे शुद्धता तपासतो. दागिना २२ कॅरेटचा म्हणून घेतला असेल तर शंभरात ९१.६ भाग सोनं हवं. पण जुन्या कामात सांध्यासांध्याला डाख, म्हणजे जोडकामाचा धातू, भरलेला असतो आणि डाखातलं सोनं हलक्या प्रतीचं असतं. पोकळ मण्यांच्या माळेत, बारीक कड्यांच्या साखळीत सांधे जास्त, म्हणून घट जास्त. भरीव पाटलीत सांधे कमी, म्हणून मोडीला ती बरी. खडे, मीना, लाख वजनातून वजा होतात आणि घडणावळ तर कधीच परत येत नाही. म्हणजे दागिना मोडला की तूट ठरलेली. पाचशेची नोट मोडली तर पाचशेच हातात येतात. हा फरक आज आपण गृहीत धरतो, पण दोनशे वर्षांपूर्वी पैसा मोडतानाही तूट सोसावीच लागत होती.

त्या काळी रुपया एक नव्हता. चांदवडच्या टाकसाळीतला चांदवडी रुपया होता, बुऱ्हाणपूरची टाकसाळ तर मुघलांपासूनची, शिवाय शेजारच्या संस्थानांची नाणी. प्रत्येकाची चांदी वेगळी, झीज वेगळी. एका गावचा रुपया दुसऱ्या गावच्या बाजारात चालवायचा तर सराफ त्यावर काही कापून घ्यायचा. त्या कपातीचं नाव बट्टा. नावाला बट्टा लागतो तो हाच. नाणं खरं, पण पूर्ण भावाने चालत नाही, असा त्याचा नेमका अर्थ. खोट्या नाण्याला बट्टा लागत नाही, ते सरळ फेकतात. हा बारकावा माहीत असला तर तो वाक्प्रचार जास्त टोचतो. १८३५ मध्ये कंपनी सरकारने १८० ग्रेनचा, म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅमचा एकच रुपया सगळीकडे लागू केला आणि हळूहळू बट्ट्याचा धंदा बसला. हा रुपया वजनाला बरोबर एक तोळा. त्यामुळे तो नाणंही झाला आणि वजनाचं मापही. औषधाची मात्रा, केशर, सोनं 'रुपयाभार' मोजायची पद्धत यातूनच रूढ झाली.

बट्टा गेला असं म्हटलं, पण पुरता गेलेला नाही. फाटकी नोट बदलून देणारा टेबलवाला शंभरामागे काहीतरी कापतोच. चिल्लरीची टंचाई असली की शंभराच्या चिल्लरीसाठी दुकानदार वर दोन पैसे मोजतो, आणि चिल्लर उतू गेली की तोच दुकानदार ती कमी भावात काढून टाकायला बघतो. कायद्याने रुपया रुपयाच असतो. बाजाराने त्याला अधूनमधून कमी-जास्त केलेलं आहे.

आता खुर्दा. मूळ शब्द फारसी. खुर्द म्हणजे लहान आणि खुर्दा म्हणजे लहान लहान तुकडे. हा शब्द खानदेशात नाण्यांआधी जमिनीवर दिसतो. रावेर तालुक्यात विवरे बुद्रुक आहे आणि विवरे खुर्द आहे. जळगावजवळ भादली बुद्रुक आणि भादली खुर्द. बुद्रुक म्हणजे बुजुर्ग, मोठं. खुर्द म्हणजे धाकटं. एसटीच्या पाटीवर 'खु.' आणि 'बु.' एवढंच लिहितात आणि नवखा माणूस चुकीच्या गावी उतरतो. गावच्या नावातला खुर्द आणि गल्ल्यातला खुर्दा एकाच घरचे, हे मात्र फार कमी जणांच्या ध्यानात येतं.

पेशवाईच्या कागदांत खुर्दा म्हणजे तांब्याची नाणी, मुख्यतः शिवराया. रुपया चांदीचा, मोहर सोन्याची आणि खुर्दा तांब्याचा, अशी ती उतरंड. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. त्याची बातमी सावकारी पत्रातून दक्षिणेकडे निघाली, तीही याच उतरंडीच्या भाषेत. दोन मोती गळाले, काही मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. रुपये-खुर्दा म्हणजे बाकीचे सगळे. वाटेत कुणी पत्र फोडलं तरी व्यापाराचा तोटा वाटावा म्हणून ही युक्ती, असं आपण शाळेत शिकतो. पण त्यातला खुर्दा बोचतो. ज्यांची गणती नाही ते खुर्दा. या शब्दात मोजदाद नसते म्हटलं, ते असं.

खुर्द्याच्या उलट शब्द बंदा. बंदा रुपया म्हणजे न मोडलेला, एकसंध रुपया. माणसालाही आपण "बंदा रुपया आहे" म्हणतो, म्हणजे खणखणीत, कुठे चिरला नाही असा. चिल्लर मात्र माणसाला लावला की शिवी होते. चिल्लर हा शब्द दक्षिणेकडचा, कानडीत आणि तेलुगूत आजही तो सुट्या पैशांसाठीच वापरतात. आपण घेतला आणि त्याची पत उतरवली. चिल्लर गोष्ट, चिल्लर पार्टी, चिल्लर लोक. मला हे अन्यायाचं वाटतं. आठवडे बाजार चालतो तो बंद्या नोटांवर नाही, चिल्लरीवर.

खानदेश तीन बाजूंच्या वाटांवर बसलेला असल्यामुळे इथे या मालाला आणखीही नावं आहेत. रावेरहून बुऱ्हाणपूरकडे निघालं की 'रेजगारी' ऐकू येते. रेजा म्हणजे कण, तोही फारसीच. पश्चिमेला नवापूरच्या रेल्वे स्टेशनात अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. तिथे पलीकडच्या बाजूला 'परचूरण' किंवा 'छुट्टा'. मधल्या अहिराणी पट्ट्यात "मोड शे का भो?" सुरतेचा व्यापारी, बुऱ्हाणपूरचा विणकर, शिरपूरचा शेतकरी यांनी एकमेकांशी शेकडो वर्षं व्यवहार केला. भाषा अडली असेल, पण उरलेले पैसे परत घ्यायला कुणाचं अडलं नाही.

हिशेबाचं गणित मात्र आताच्या पोरांना सांगताना दम लागतो. रुपयाचे सोळा आणे. आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. दोन पैशांचा जाडजूड ढब्बू पैसा. १९४३ ते १९४७ मध्ये निघालेला भोकाचा पैसा. युद्धात तांब्याची टंचाई होती, म्हणून मधलं तांबं काढूनच घेतलं. तो दोऱ्यात ओवून कमरेला बांधायची सोय झाली, हा वरचा फायदा.

ही पद्धत आज अवघड वाटते ती आपल्याला दहाची सवय म्हणून. तोंडी हिशेबाला ती सोपी होती. सोळाचे निम्मे आठ, त्याचे निम्मे चार, मग दोन, मग एक. शेवटपर्यंत भाग जातो. बारा पैंना तिघांत वाटता येतं. शंभर पैशांचे तीन सारखे वाटे करून दाखवा. म्हणून वहीतलं लिखाणही निम्म्या-पाव्यावर चालायचं. रुपयाच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा, १॥ दीड, १॥। पावणेदोन. जुन्या आडतीच्या वह्या वाचताना पहिली चूक इथेच होते. शेवटची रेघ आकडा समजली, की १। चे अकरा होतात आणि सगळी बेरीज फसते. आकडा वळणदार आणि रेघ सरळ, एवढीच खूण.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पावलीचे पंचवीस आणि अधेलीचे पन्नास बरोबर बसले. घोळ झाला तो खालच्या पायऱ्यांवर. एका आण्याचे हिशेबाने सव्वासहा पैसे. पाव पैशाचं नाणं नाही, म्हणून तक्त्यात आण्याचे सहा धरले, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चारांचे पंचवीस. आता बघा, चार आण्यांची वस्तू एकदम घेतली तर पंचवीस पैसे. तीच एकेक आण्याने चार वेळा घेतली तर चोवीस. सुटं घेणाऱ्याचा पैसा वाचतो, दुकानदार कावतो. दुकानदाराने आण्याचे सात लावले तर गिऱ्हाईक कावतं. काही वर्षं दोन्ही नाणी बाजारात एकत्र होती आणि भिंतीवर रूपांतराचे तक्ते टांगलेले असायचे. १ जून १९६४ पासून 'नवा' शब्द गेला आणि पैसा नुसता पैसा झाला. आणा नाण्यातून गेला, तोंडातून नाही. चाराण्याची कोंबडी आणि बाराण्याचा मसाला अजून शिजतोच आहे.

चाराणे खरोखर गेले ते ३० जून २०११ ला. त्या दिवशी पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली. व्यवहाराचं काही अडलं नाही, कारण चार आण्यांत तेव्हा काही येतच नव्हतं. अडलं ते पूजेच्या ताटात. सव्वा रुपया ही आपल्याकडची दक्षिणेची एकच ठाम रक्कम. नवसाला सव्वा रुपया, खानदेशातल्या कानबाई देवीपुढे सव्वा रुपया, तिच्या नैवेद्याच्या रोटाचं धान्यसुद्धा सव्वाच्या मापात. पूर्णावर थोडं जास्त, म्हणजे पुढे चालू राहणारं, ही त्यातली समजूत. २०११ नंतर सव्वा रुपया कायदेशीर नाण्यांत देताच येत नाही. मग काय झालं? सव्वाची जागा अकराने घेतली, मग एकवीस, एकावन्न, एकशे एक. वर एकाचं नाणं ठेवायची चाल त्यामुळे आणखी घट्ट झाली. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं मिळतं, कारण ऐन मांडवात रुपया सापडत नाही. रुपयाच्या नाण्याला आज बाजारात काही मिळत नसेल, पण मांडवात त्याच्याशिवाय चालत नाही. काही घरांत देव्हाऱ्यातल्या डबीत जुन्या पावल्या जपून ठेवल्या आहेत. पूजेला त्या काढतात, पूजा झाली की परत डबीत. ही पावली बाजारात बाद आणि देवघरात चालू.

देवस्थानांचा विषय निघालाच आहे तर तिथल्या मोजणीबद्दल लिहायलाच हवं, कारण खुर्दा म्हणजे काय ते तिथे कळतं. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, अमळनेरला वैशाखातला संत सखाराम महाराजांचा उत्सव, धुळ्याच्या एकवीरा देवीची चैत्रातली यात्रा. यात्रेआधी आठ दिवस पाळणेवाले, रेवडीवाले, खेळणीवाले चिल्लर गोळा करत फिरतात आणि यात्रेनंतर आठ दिवस तीच चिल्लर खपवत फिरतात. दानपेटीतली मोजून बँकेत जायला वेळ लागतो, तेवढे दिवस ती बाजारातून गायब.

मोजायला बसायचं ते सतरंजीवर किंवा जाड चादरीवर. प्लास्टिकवर नाणी घसरतात आणि चळत उभी राहत नाही. देवाच्या चिल्लरीला कुंकू, हळद, तेल लागलेलं असतं. ती आधी कोरड्या फडक्यात घोळून घ्यायची. कुणी चिंचेच्या पाण्यात टाकतात, ते करू नये. स्टीलच्या नाण्याला त्याची गरज नाही आणि पिवळ्या पाचाच्या नाण्यातलं जस्त आंबटाने सुटून वर तांबूस डाग पडतात. मग बाजारात ते नाणं खोटं ठरतं. नंतर चुंबक फिरवायचं. एक आणि दोन रुपये, पन्नास पैसे बहुतेक स्टीलचे, ते चिकटतात. पितळी पाच, जुना निकेल-तांब्याचा नऊ ग्रॅमचा जाड पाच हे खाली राहतात. स्टीलचा पाच तेवढा चुंबकाबरोबर वर येतो, तो हाताने वेगळा करायचा. पुलाखाली दोरीला चुंबक बांधून नाणी काढणारी पोरं याच गुणावर पोट भरतात. तांब्या-निकेलच्या काळात हा धंदा शक्यच नव्हता.

खरा घोटाळा पुढे आहे. आपल्याकडे एकाच किमतीची वेगवेगळ्या मापांची नाणी एकदम चालतात. १९९२ पासून निघालेला स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा आणि ४.८५ ग्रॅमचा. २०११ चा रुपया २१.९३ मिलिमीटरचा, ३.७९ ग्रॅम. २०१९ चा आणखी लहान, २० मिलिमीटर आणि ३.०९ ग्रॅम. आणि २०११ चा दोन रुपया? २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम. म्हणजे जुना रुपया आणि हा दोन रुपया माप, वजन, धातू सगळ्यात जुळे भाऊ. दोनच्या चळतीत जुना रुपया शिरला तर चळतीची उंची सांगत नाही, काटा सांगत नाही, चुंबक सांगत नाही. नाणं उलटून आकडा वाचला तरच कळतं. गिऱ्हाईक "मी दोन दिले होते" म्हणतं आणि दुकानदार "एकच होता" म्हणतो, त्यातली निम्मी भांडणं या जोडीमुळे होतात. दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून क्रम असा. आधी किमतीप्रमाणे नाही, मापाप्रमाणे वेगळं करायचं. मग २५ मिलिमीटरच्या ढिगातलं प्रत्येक नाणं वाचायचं. मग दहा-दहाच्या चळती. वीसची चळत डोळ्याला कळत नाही आणि चादरीवर कलते. पहिली चळत दोनदा मोजायची, बाकीच्या तिच्याशेजारी लावून वरून तळहात फिरवायचा. एक नाणं कमी असलं तरी हाताला खड्डा लागतो. पण चळतीत सगळी नाणी एकाच मालिकेची हवीत, नाहीतर जाडीतल्या फरकाने हात फसतो. बँकेत द्यायची तर शंभर-शंभर नाण्यांच्या प्लास्टिक पिशव्या भरायच्या. निदान एक-दोन रुपयांची नाणी अशा शंभराच्या पिशव्यांतून आणावीत, असं रिझर्व्ह बँकेनेच सुचवलेलं आहे, आणि नाणी घ्यायला बँकेने नकार देता कामा नये हेही तिचंच सांगणं आहे. पिशवी भरली की काट्यावर ठेवायची. २०११ च्या मालिकेतली रुपयाची शंभर नाणी ३७९ ग्रॅम, पाचाची शंभर ६०० ग्रॅम. २०१९ च्या मालिकेत तेच ३०९ आणि ६७४. दहाच्या नाण्याला मात्र मालिका वेगळी केली नाही तरी चालतं. जुनी शंभर नाणी ७७१ ग्रॅम, नवी ७७४. तीन ग्रॅम म्हणजे अर्धं नाणंही नाही. झिजलेल्या नाण्यांनी काटा थोडा खाली दाखवला तर घाबरायचं नाही, पण तूट एका नाण्याच्या वजनाएवढी निघाली की पिशवी परत ओतायची.

दहाच्या नाण्याची तऱ्हाच वेगळी. ते चालायला लागल्यापासून "दहा धाऱ्यांचं खरं, पंधरा धाऱ्यांचं खोटं", "रुपयाचं चिन्ह नसेल तर घेऊ नका" अशा वावड्या उठत राहिल्या. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने तोवर निघालेले चौदाही नमुने खरे आहेत, असं जाहीर केलं. तरी कितीतरी बाजारांत भाजीवाली मावशी ते नाणं परत करते. तिला नियम सांगून उपयोग नाही. पुढचा आडत्या तिच्याकडून घेणार नसेल तर खरं नाणं घेऊन ती करणार काय? नाणं चालतं ते पुढचा घेईल या भरवशावर, शिक्का त्याच्या नंतर. कायद्याची बाजू अशी की २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंत वैध, पन्नास पैसे दहा रुपयांपर्यंत. त्यामुळे निवडणुकीची अनामत पोत्यातून चिल्लर आणून भरणाऱ्या हौशी उमेदवाराला हजारानंतर नाही म्हणता येतं. फोटो तोवर छापून आलेला असतो.

पैसे परत देण्याचीही एक रीत आहे आणि ती आता विसरत चालली आहे. बिल त्रेसष्ट, नोट शंभराची. यंत्रावर सदतीस दिसतात आणि पोरगा सदतीस जुळवत बसतो. जुना दुकानदार वजाबाकी करतच नाही. तो बिलापासून वर चढतो. त्रेसष्ट म्हणत दोनचं नाणं ठेवतो, पासष्ट. पाचाचं ठेवतो, सत्तर. दहा, ऐंशी. वीस, शंभर. गिऱ्हाईकही सोबत मोजतं, म्हणून भांडण होत नाही. आणि तोवर शंभराची नोट गल्ल्यात टाकायची नाही, वर दिसेल अशी ठेवायची. "मी पाचशेची दिली होती" या वाक्यावर तेवढा एकच उतारा. दोन रुपये नसले की गोळी पुढे सरकते. गोळी देणं गिऱ्हाइकाने सोसलं, पण गोळी परत देऊन बघा, दुकानदार घेत नाही. एसटीच्या वाहकाची पद्धत मला त्यापेक्षा सरळ वाटते. तो तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून देतो. उतरताना मागायला विसरलं तर दोष आपला.

फोनवरून पैसे द्यायची सोय झाल्यापासून चिल्लरीचं ओझं उतरलं हे खरं. एक बारीक बदल मात्र कुणी बोलत नाही. सुट्यांच्या टंचाईने भाव पाच-दहाच्या पायरीवर जाऊन बसले होते. सात रुपयांची जुडी दहाची झाली ती महागाईने थोडी आणि तीन रुपये परत द्यायला नाहीत म्हणून जास्त. आता फोनवर सात रुपये अचूक जातात. पण दहाची जुडी परत सातला आलेली नाही.

राहिली एक जागा जिथे पैसा अजून पैशातच मोजतात, आणि ती शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याची आहे. गावात तिला आजही आणेवारी म्हणतात, सरकारी कागदावर पैसेवारी. पूर्वी पिकाचा अंदाज सोळा आण्यांत द्यायचे. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस, बारा आणे म्हणजे बरं. आता तोच शंभर पैशांत देतात. पद्धत सांगायला सोपी. गावातल्या निवडलेल्या शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखून पीक काढायचं, वजन करायचं, हेक्टरी उतारा काढायचा आणि त्याला त्या पिकाच्या प्रमाण उत्पन्नाने भागायचं. प्रमाण उत्पन्न हेक्टरी दहा क्विंटल धरलं आणि उतारा चार क्विंटल नव्वद किलो आला, तर पैसेवारी एकोणपन्नास. मग गावातल्या सगळ्या पिकांचा पेऱ्याच्या हिशेबाने मेळ घालून गावाची एक पैसेवारी निघते. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम.

अडचण कापसाची आहे. ज्वारी एकदा कापली की आकडा कळतो. कापूस तीन-चार वेचण्यांत येतो, शेवटच्या वेचण्या लांबतात आणि अंतिम पैसेवारी डिसेंबरातच जाहीर होते. पहिल्या वेचणीच्या जोरावर आकडा काढला आणि नंतर बोंडअळीने किंवा पावसाने बोंडं सडली, तर कागदावर पीक बरं आणि शेतात पऱ्हाट्या. म्हणून ग्रामसमितीच्या बैठकीत कोणतं शेत निवडायचं यावरच जास्त वाद होतात. विहिरीखालचं बागायती शेत धरलं की आकडा चढतो, वरकस कोरडवाहू धरलं की उतरतो. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरवायला पाऊस, ओलावा, उपग्रहाने टिपलेली हिरवळ असे निकष आले, पण पैसेवारी काढायचं काही थांबलं नाही आणि गावाचं लक्षही तिच्यावरून हटलं नाही. सीमारेषा पन्नास पैशांची. योगायोग असा की आज चलनात राहिलेलं सगळ्यात लहान नाणंही पन्नास पैशांचंच. ते बाजारात कुणी घेत नाही. पण गावाची पैसेवारी एकोणपन्नास लागली तर जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. एक्कावन्न लागली तर यातलं काहीच नाही.